मिठाची बाई

“ही पोर खोटं वाचतेय,” सकीनाखाला आईच्या कानाशी म्हणाल्या, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

सौदीतल्या यान्बूत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या दापोलीकडच्या, नवरा, रशीदचाचा, बंदराजवळच्या गोदामात कामाला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्यांच्याकडे आम्हा बायकांचा सिनेमा असायचा. हिंदी सिनेमे खालांना आवडत नसत. “पहिल्या गाण्यालाच कळतं, कोण कोणाला मिळणार.” म्हणून कुठल्या कुठल्या देशांचे सिनेमे लावायच्या, आणि इंग्रजी सबटायटल्स मी मराठीत मोठ्याने सांगायची. वर्गात कधी हात वर न करणारी मी टीव्हीकडे तोंड करून का होईना, तिथे बोलायला शिकले. माझं मराठीही तिथलंच. खाला मांडीवर परात घेऊन कोलंबी सोलत बसायच्या. सिनेमा रटाळ असला तर किलोभर सोलून व्हायची. रंगला की हात थांबायचा.

त्या दिवशीचा सिनेमा फ्रेंच होता. एक पुरुष समुद्रातून चालत वर येतो, किनाऱ्यावर त्याला एक बाई भेटते. तो हात लावेल तिथे त्या बाईच्या अंगाचं मीठ होतं. आधी बोटं, मग मनगट. तरी ती रोज किनाऱ्यावर जाते. खालांचा हात केव्हाचा थांबला होता. शेवटी ती बाई रडत त्याला काहीतरी म्हणाली. शेजारी आई बसलेली. मी सांगितलं, “ती म्हणते, उशीर झाला, घरी जाते.”

तेव्हाच खाला आईजवळ ते कुजबुजल्या. मग सरळ मलाच म्हणाल्या, “एवढं रडून कोण घरी जातं गो? अल्लाने जीभ काय नुसती मासे खायला दिली?”

सगळ्या हसल्या. मी परात उचलून स्वयंपाकघरात गेले. खाला मागोमाग आल्या.

“जेद्दाचं काय केलंस?”

जेद्दाच्या एका कंपनीत मला सबटायटल्स लिहिण्याची नोकरी मिळाली होती. होकार कळवायला आठवडा उरला होता. बाबा म्हणाले होते, “एवढ्या लांब एकटी कशाला? इथेच बघू काहीतरी.” मी मान डोलावली होती. ती नोकरी मला किती हवी आहे, हे फक्त खालांना ठाऊक होतं.

“मला नर्सिंगला जायचं होतं,” नळाखाली कोलंबी धूत त्या म्हणाल्या. “अब्बांनी विचारलं, निकाह ठरवू का? मी मान डोलावली. रशीद माणूस सोन्यासारखा, त्याची तक्रार नाही. पण अब्बा मरेपर्यंत सांगत, मी विचारलं होतं सकीनाला, ती खूश होती.”

त्याच आठवड्यात त्यांचं जाणं आलं. चाचांची नोकरी संपली होती. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, देश कायमचा सोडायचा शिक्का बसला होता. विमानतळावर सोडायला बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे होते. आई लाडवांचा डबा बॅगेत कोंबत होती. खालांनी ती कोलंबीची परात माझ्या हातात दिली. “विमानात कुठे नेऊ हिला?” मग हळूच नाही, चांगलं खणखणीत विचारलं, “आता तरी सांग, ती बाई काय म्हणाली?”

आई-बाबा दोघंही बघायला लागले.

“ती म्हणाली, सगळी मिठाची झाले तर झाले. मला तू हवा आहेस.”

“वाटलंच मला,” खाला म्हणाल्या. “आणि तू?”

परात छातीशी धरूनच मी वळले.

“बाबा, मला जेद्दाला जायचंय. आजच कळवणार आहे मी.”