तांडेलाने दगड कुठे टाकले?

तांडेल काही बावळट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुमचा भलताच समज व्हायचा. उभी हयात त्याने मालाची गलबतं हाकली. बेटाबेटांमधले बुडालेले खडक त्याला तोंडपाठ होते. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तो बंदरामागच्या गल्लीत, दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत लेकीबरोबर राहत होता, आणि कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत होता. या वयात सगळ्यांचंच असं होतं, असं त्याचं म्हणणं. असेलही.

लेक संग्रहालयात कामाला होती. काम काय, तर दगडांचं गाव शोधायचं. हजारो वर्षांपूर्वी माणसं काळ्या, काचेसारख्या दगडाची धारदार पाती करायची. तो दगड ज्वालामुखीतून निघतो, आणि दर डोंगराच्या दगडात काय किती मिसळलंय ते वेगळं असतं. लेक मातीतून निघालेलं पातं मशीनखाली धरायची आणि मशीन सांगायचं, हा अमक्या बेटाचा. पातं सापडलं इथे, दगड तिथला, म्हणजे मधलं पाणी तेव्हा कुणीतरी ओलांडलं असणार. तांडेलाला हे भारी आवडायचं. "दगडाला विचारता, कुठला रे तू? आणि तो सांगतो! आमचे खलाशी कधी एवढं सरळ बोलले नाहीत."

एका संध्याकाळी लेक जिना धावत चढून आली. चपला पायात तशाच. गावाबाहेरच्या लहान खाडीत खोदताना सापडलेल्या एका पात्याचा फोटो तिने फोनवर दाखवला आणि दूरच्या धुराच्या बेटाचं नाव घेतलं. इथून तिथवर मधे टेकायला एक खडक नाही, नुसतं उघडं पाणी.

"बाबा, इतक्या जुन्या काळी तिथून इथे कुणी आलं असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढच्या आठवड्यात परिषदेत मांडतेय मी. एवढी वर्षं याचसाठी घासली."

तांडेलाची छाती फुगली. लेकीच्या आनंदात आपणही काहीतरी घालावं, असं त्याला वाटलं. आणि इथेच घोळ झाला.

"अगं, हा तर माझाच दगड!" तो म्हणाला. "तिकडे माल उतरवला की गलबत रिकामं. रिकामं गलबत डुगडुगतं, म्हणून तिथल्या किनाऱ्यावरचे दगडगोटे फावड्याने तळाशी भरायचे. इथे आलो की नवा माल भरण्याआधी ते खाडीत फेकायचे. बघ, आमच्या गलबतातला दगड तुझ्या काचेच्या पेटीत! आहेस कुठे?"

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण हा घडवलेला आहे, बाबा."

"मग तर आणखी चांगलं!"

"चांगलं काय त्यात? तिथला किनारा फावड्याने भरून आणलात, तर तिथली जुनी पातीही त्यात आली असतील. मग हे इथे कुणी आदिमानवाने आणलेलं नाही. तुम्ही आणलंत."

तांडेलाने जीभ चावली. "छे छे! त्या खाडीत कुठे? आम्ही तर भर समुद्रात टाकायचो."

"आत्ता खाडी म्हणालात."

"ती दुसरी खाडी."

"कुठली दुसरी?"

आता आली का पंचाईत! लेकीला बरं वाटावं म्हणून तो बोलून गेला होता खरा, पण खरंच आठवू लागला तर डोक्यात नुसता काला. खाड्या काय, सगळ्या एकसारख्या. वाकडा किनारा, चार झुडपं, ओरडणारे पक्षी. दगड फेकल्याचं हातांना आठवत होतं. कुठे, ते डोक्याला आठवेना. सकाळी चहाच्या वेळी तो म्हणाला, इथे नाहीच. दुपारी म्हणाला, असेलही. संध्याकाळी गलबतावरच्या जुन्या स्वयंपाक्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "मी चूल सांभाळत होतो. दगडांचं मला काय विचारतोस?"

"बाबा," शेवटी लेक वैतागून म्हणाली, "मला काय आवडेल ते नका सांगू. काय झालं ते सांगा."

"अगं पण तेच मला कळत नाहीये ना!" तांडेल ओरडला, आणि मग ओरडल्याचंच त्याला वाईट वाटलं.

परिषदेच्या आदल्या दिवशी लेक त्याला रिक्षाने खाडीवर घेऊन गेली. खोदलेल्या चरांवर ताडपत्री टाकलेली होती. तांडेल एका खडकावर बसला. त्याने या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. काही म्हणता काही उजेड पडेना. इथे असेल, नसेल, देव जाणे. आता घरी चला म्हणावं, एवढ्यात वाळूच्या वरच्या अंगाला त्याला बायको दिसली. म्हणजे आठवली. कडेवर तान्ही लेक, आणि खालून तो दगड फेकतोय.

बायको जन्मात कधी दुसऱ्या बेटावर गेली नव्हती. गलबतात पाय ठेवला की तिला भडाभडा उलट्या व्हायच्या. आणि गावाजवळ दुसरी खाडी नाही. म्हणजे खाडी हीच.

आठवडाभर आपण चुकतोय, मग एवढं एकच खरं कशावरून? खोटंच असेल. खोटं म्हटलं की लेकीचं सगळं जागेवर. गप्प बसलो तर कोण विचारायला येतंय? पण ते खोटं म्हणायचं तर तिथे उभी असलेली बायकोही खोटी म्हणावी लागणार होती. ते त्याच्याने होईना.

"इथेच टाकले," तो म्हणाला.

"नक्की? का परत उद्या—"

"तुझी आई तिथे वर उभी होती. तू कडेवर. दगड पाण्यात धबाधब पडले की तू दचकून भोकाड पसरायचीस आणि ती मला शिव्या घालायची."

लेक चालायला लागायच्या आतच तिची आई गेली होती. घरात तिचा एकच फोटो, तोही खुर्चीत बसलेला.

लेकीने ताडपत्रीचं सुटलेलं टोक दगडाखाली दाबलं. मग म्हणाली, "या खाडीतलं पातं पुरावा म्हणून धरता येणार नाही. आज सांगते संग्रहालयातल्या सरांना, उद्या परिषदेत मी बोलत नाही म्हणून."

"मग तुझ्या हाती काय राहिलं?"

"सध्या काही नाही."

"मी गप्प बसायला हवं होतं का गं?"

"मला नाही माहीत, बाबा." तिने नाक पुसलं. मग वर वाळूकडे बघत विचारलं, "आई कशी उभी होती?"

तांडेल खडकाला धरून, कण्हत उठला आणि वर वाळूत गेला. कंबर एका बाजूला काढली, त्या बाजूचा हात रिकाम्या हवेभोवती गुंडाळला, दुसरा डोळ्यांवर उन्हासाठी धरला.

"अशी," तो म्हणाला.

"थांबा. तसेच उभे राहा जरा."

गुडघे बोंबलत होते. तांडेल तसाच उभा राहिला.