ब्रेकच्या नटावरची हळद

कपडे धुवायला बसलो की ती केस अजून डोळ्यांपुढे येते. मी तेव्हा सोलापुरात जमादार होतो. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण पंचनामा लिहायला तेवढी पुरत होती.

खंडेनवमी होती. ठाण्यात बंदुका ओळीने मांडून पूजा केली, हार घातले, नारळ फोडला, आणि वर्दी आली. मंगळवेढ्याकडे निघालेली मोटारलॉरी सीना नदीच्या उतारावर सुटली आणि झाडावर आदळली. सणाला माहेरी निघालेल्या दोन बाया आणि एकीच्या मांडीवरचं पोर, तिघं जागीच गेली. आम्ही पोचलो तर प्रेतं होती, रक्त होतं, पण लॉरी नव्हती. मालकाने ती दुसऱ्या लॉरीला बांधून आपल्या शेडमध्ये ओढून नेली होती. म्हणे रस्ता अडला होता.

मालक आपणहून ठाण्यात आला. "ड्रायव्हर प्यालेला होता, जमादार. माझा ब्रेक खुशाल तपासा." न विचारता जो 'तपासा' म्हणतो, त्याच्याकडे मी जरा जास्त बघतो.

ड्रायव्हर सिव्हिल हॉस्पिटलात होता. छाती चेपलेली. दारूचा वास नव्हता. एकच बोलत होता, "ब्रेक लागला न्हाई, सायब. म्या दाबला हुता." त्याची बायको दाराशी बसलेली. मेलेल्यांचे नातेवाईक तिच्या अंगावर थुंकून गेले होते. ती मला म्हणाली, "जगंल न जगंल, त्ये देवाच्या हातात. पर त्याला खुनी म्हनून नगा पाठवू."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, शेडच्या शेजारचा एक म्हातारा विणकर ठाण्याच्या पायरीवर आला. तेलुगू माणूस. तक्रार त्याची वेगळीच. "जमादारसाब, कालच्याला आम्ही मागाला हात लावला न्हाई. हत्यार पूजेला बसलं की कोन उचलते? आणि ह्यांच्या शेडात दिवेलागणीला पाना वाजते! पाप हाय का न्हाई? आमच्या गल्लीला बाधतंय की!" तो अपशकुन सांगायला आला होता. मी गुन्हा ऐकला.

फौजदारसाहेबांबरोबर लगेच शेडवर गेलो. आता गाड्यांना हवेचे ब्रेक आले. तेव्हा पेडलपासून मागच्या चाकांपर्यंत लोखंडी गज जायचे आणि ड्रायव्हरच्या पायाच्या जोरावर गाडी थांबायची. मागची चाकं जॅकवर उचलली. शिपायाने पेडल दाबून धरलं, मी चाक हाताने फिरवलं. हलेना. मग गाडीखाली उताणा पडून गजांचे सांधे चाचपले. पीन जागेवर, नट घट्ट, सगळ्यावर काळं ग्रीस आणि माती. साहेब म्हणाले, "धरतोय की चांगला. ड्रायव्हरवर गुन्हा घाला." मी सकाळीच घेतलेल्या धुतल्या रुमालाला हात पुसले आणि जेवायला घरी गेलो.

घरी बायकोने रुमाल सोड्याच्या पाण्यात टाकला.

"अवो, हळद कुटं लावून घेतली?"

"हळद कुठली? ग्रीस आहे ते."

"गिरीस व्हय? मग सोड्यात लाल कशापायी झालं? हळदच लाल हुती. लोकांचं चोर धरता आन् घरातली हळद वळकंना तुमाला!"

रुमालावर काळ्या डागाच्या कडेने लाल फुटलं होतं. महिनोन्महिने न उघडलेल्या नटावर पूजेची हळद येईल कुठून? मी ताटावरून उठलो. ती ओरडली, "पोळी तर खावा! सणाचं उपाशी जाताय व्हय?" पण मी निघालो होतो.

मालकाच्या मिस्त्रीला मी शेडमध्येच बसवला. मारला नाही. मार खाल्लेला माणूस आपल्याला पाहिजे ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. समोर फळीवर त्याची हत्यारं पूजेला मांडलेली, हळदकुंकू लावून, फुलं वाहून. मी म्हणालो, "माझ्याशी खोटं बोललास तरी चालेल. ह्यांच्यापुढे हात ठेवून सांग, काल ह्यातलं कुठलं उचललंस?"

त्याने फळीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग ढसाढसा रडला. गजाची पीन खंडेनवमीच्या आधीच तुटली होती. मालक म्हणाला, सणाची गर्दी जाऊ दे, तोवर तार बांध. उतारावर तीच तार तुटली. लॉरी शेडमध्ये आल्यावर मालकाने पीन बसवायला लावली. नटावर जुनं ग्रीस आणि माती फासायला लावली. सगळं जमलं, एक सोडून.

"पाया पडून पाना उचलला, सायब. पर त्यावरची हळद पुसायला हात धजला न्हाई. तसाच वापरला, तसाच देवापुढं ठेवला."

तुटलेली तार त्याने भट्टीच्या राखेतून काढून दिली. पंचांसमक्ष जप्त केली आणि मालकाला ताब्यात घेतलं.

तिथून तडक हॉस्पिटलात गेलो. ड्रायव्हरच्या कानाशी वाकून सांगितलं, "तू ब्रेक दाबला होतास. गुन्हा तुझ्यावर नाही." त्याने डोळे उघडून बायकोकडे बघितलं. "ऐकलंस न्हवं?" एवढंच बोलला. दिवस मावळायच्या आत गेला. मालकाला शिक्षा झाली, ती भोगून आला आणि पुन्हा गाड्या चालवू लागला.

त्या केसने मला एक शिकवलं. माणसं मेल्यावर ब्रेक तपासला तर दोष कुणाचा तेवढं ठरतं, मेलेलं कुणी उठत नाही. पुढे नोकरी संपेपर्यंत उताराच्या नाक्यावर मी लॉरी अडवायचो आणि स्वतः खाली शिरायचो. लोक हसायचे, "जमादार गाडीखाली झोपायला चालला." माझे सदरे कधी स्वच्छ राहिले नाहीत. बायको बडबडत धुवायची.

चैत्रात ती गेली. परवा कंदील पुसताना रुमाल काळा झाला. मी तो सोड्यात भिजवला आणि बघत बसलो. पाणी काळंच राहिलं. कशाचा डाग म्हणून विचारायला घरात कुणी नव्हतं.