चौकट क्रमांक तीन

"साहेब, एक पत्र द्या फक्त. त्या पुस्तकात लिहिलेली बाई मी नाही, एवढंच लिहा. सरकारी शिक्का असला की हे मानतील."

ताई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली होती. शेजारच्या टेबलांवर डबे उघडत होते, म्हणून त्या हळू बोलत होत्या.

"ताई, रिपोर्टमध्ये तुमचं नाव कुठेही छापलेलं नाही," मी म्हणालो.

"नाव कशाला लागतंय? आमच्या थोरल्या दिरांनी वाचलं आणि पानाचा फोटो काढून ह्यांना दाखवला. ह्यांनी आरडाओरडा केला नाही. जेवताना नुसता हात पुढे केला. म्हणाले, किल्ली. मी म्हटलं, कुठली किल्ली? ती बाई कुणी दुसरी असेल. तर म्हणाले, मग तसं लिहून आण."

"तसं पत्र आम्हाला देता येत नाही. सर्व्हेत कोण होतं, कोण नव्हतं, काहीच लेखी सांगता येत नाही. कॉन्फिडेन्शियॅलिटीचा नियम आहे."

"म्हणजे माझी माहिती फुटू नये म्हणून मला पत्र नाही?"

"नियम आहे, ताई."

त्या वळल्या आणि गेल्या. मी डबा उघडला आणि जेवलो.

आता मी सत्तरीला टेकलो आहे. या प्रकरणाची सरकारी नोंद खोटी आहे आणि ती मी लिहिली आहे. खरं काय घडलं ते इथे लिहितो. ताईंचं नाव लिहिणार नाही. त्यांच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत, आणि कुठले बदलले तेही सांगणार नाही. ही काळजी मी तेव्हाच घ्यायला हवी होती.

मी सरकारच्या संशोधन विभागात अधिकारी होतो. लोकांच्या घरी जाऊन माहिती गोळा करायची, तिचे तक्ते करायचे, रिपोर्ट लिहायचा, हे आमचं काम. बदलीवर जयपूरला आलो आणि विद्याधर नगरात घर करून इथलाच झालो. शेवटच्या काळात माझ्याकडे घरखरेदीचा एक अभ्यास आला. इथे बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर स्टँप ड्युटी कमी लागते. त्यामुळे नवरे बायकोच्या नावावर घर घेतात आणि कागदावर भरपूर बायका मालकीण होतात. आम्हाला विचारायचं होतं, की घर निवडलं कुणी? किल्ली कुणाकडे असते? उद्या विकायचं ठरलं तर या मालकिणीला कुणी विचारणार आहे का?

प्रताप नगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या घरांमधून काही घरं निवडली होती. मुलाखती घ्यायला ममता नावाची कंत्राटी इन्व्हेस्टिगेटर होती. काही मुलाखतींना मी सुपरव्हिजनसाठी सोबत जायचो. ताईंच्या घरी असाच गेलो.

तळमजल्यावरचं घर. आत सामान जवळजवळ नव्हतंच. एक चटई, एक स्टूल, ओट्यावर नवा कुकर. मात्र बाथरूमच्या भिंतीला स्टीलचा भक्कम दांडा बसवलेला होता. ममताजींनी संमतीपत्र वाचून दाखवलं. "आपका नाम-पता किसी को नहीं बताया जाएगा." ताईंनी सही केली आणि हिंदीत हो-नाही एवढीच उत्तरं देऊ लागल्या.

मध्येच मी ममताजींना हिंदीत काहीतरी सांगितलं. ताईंनी मान वर केली.

"तुम्ही मराठी का हो?"

"हो. सांगलीकडचा."

"अगंबाई! मघापासून मला वाटतच होतं, तुमची हिंदी काही इथली नाही."

तिघंही हसलो. मग त्यांनी चहा टाकला, आणि बोलू लागल्या. रेल्वेत नोकरी. नवराही रेल्वेत. एकुलत्या मुलीच्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा. राहतं घर सासरचं, वरच्या मजल्यावर.

"हे घर घेतलंय ते ह्यांना माहीत नाही. दर शनिवारी येते, झाडून जाते. मुलीची दहावी झाली की तिला घेऊन इकडेच यायचं. तिकडे तिला जिन्यावरून उचलून न्यावं लागतं. आणि उचलताना हे तिला काय काय बोलतात…" त्या थांबल्या. "एवढं लिहू नका."

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

ते मी खरंच लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं.

लोकांची माहिती कशी झाकतात ते थोडक्यात सांगतो. नाव, पत्ता, फोन आधी काढून टाकायचा. पण तेवढ्याने भागत नाही. समजा तक्त्यात 'भाषा मराठी, वस्ती प्रताप नगर, नोकरी रेल्वे' अशा रकान्यात मोजकीच माणसं पडली, तर ओळखीचा माणूस त्यांना नावाशिवायही ओळखतो. म्हणून अशा छोट्या रकान्यातला आकडा छापत नाहीत. तिथे एक तारा देतात, म्हणजे माहिती आहे पण दाखवत नाही. हे मी ट्रेनिंगमध्ये नव्या मुलांना शिकवायचो. ताईंचा रकाना लहान होता. मी स्वतः तिथे तारा दिला.

मग डायरेक्टर साहेबांनी रिपोर्टचा मसुदा पाहिला. "पाटणकरजी, टेबल कौन पढ़ता है? बीच-बीच में बॉक्स डालिए. कोई कहानी हो, मंत्रीजी भी पढ़ लें."

बॉक्स म्हणजे पानावरची रंगीत चौकट, जिच्यात एखाद्या माणसाची हकिगत देतात. मी तीन लिहिल्या. तिसरी ताईंची. 'महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबातली, रेल्वेत काम करणारी एक आई. प्रताप नगरात तिने कुणाला न सांगता स्वतःच्या नावावर तळमजल्याचं घर घेतलं, कारण तिच्या मुलीला कॅलिपर लावून जिना चढता येत नाही.' बाथरूममधला दांडाही घातला. चौकट चांगली उतरली होती. मंत्रीजींनी ती प्रकाशन समारंभात वाचून दाखवली. तारा लावायचा नियम मी तक्त्याला लावला आणि गोष्टीला लावला नाही. गोष्टीलाही तो लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. सरकारी रिपोर्ट सहसा कपाटात जातात. पण परगावी राहणाऱ्या माणसाला आपल्या लोकांकडून शाबासकी हवी असते. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचं एक छोटं वाचनालय आहे. रविवारी मंडळी पेपर वाचायला, गप्पा मारायला येतात. मी रिपोर्टची हिंदी प्रत तिथल्या टेबलावर ठेवली आणि चौकटीच्या पानावर खूण घालून सांगितलं, "आपल्या एका भगिनीची गोष्ट आहे. जरूर वाचा."

ताईंचे थोरले दीर दर रविवारी यायचे. शहरात रेल्वेतली मराठी घरं थोडी. त्यात कॅलिपर लावणारी मुलगी एकाच घरात. सरकारने झाकलेली माहिती मी स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिली होती.

पत्र मागून ताई गेल्या, त्यानंतर थोड्या दिवसांत त्यांची लेखी तक्रार आली. आमची माहिती फुटली, याची चौकशी करा. डायरेक्टर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लीक कहाँ से हुआ? आपके बॉक्स से या फ़ील्ड से?"

मी म्हणालो, "सर, फ़ील्ड से भी हो सकता है."

"तो लिखिए. और 'भी' मत लिखिए."

माझी निवृत्ती जवळ आली होती. अशा वेळी चौकशी लागली की पेन्शनचे कागद अडकतात, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. मी नोट लिहिली. इन्व्हेस्टिगेटरने पत्ता विचारताना शेजाऱ्यांशी चर्चा केली, माहिती तिथून बाहेर गेली. असं काही झालं नव्हतं. मी सोबत होतो. ममताजींनी रस्त्यात फक्त ब्लॉकचा नंबर विचारला होता.

त्यांना बोलावून नोट दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, आप तो साथ थे."

मी म्हणालो, "देखते हैं."

त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. निष्काळजीपणाचा शेरा पडल्यामुळे दुसऱ्या सर्व्हेतही त्यांना घेतलं नाही. मला निरोप समारंभात शाल मिळाली. डायरेक्टर साहेब भाषणात म्हणाले, "पाटणकरजी के हाथ से कभी कोई फ़ाइल ग़लत नहीं गई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते पत्र मला देता आलं असतं का? 'रिपोर्टमधल्या चौकटी कुणा एका व्यक्तीची ओळख सांगण्यासाठी नाहीत, त्यावरून कुणाबद्दल निष्कर्ष काढू नये' एवढं दोन ओळीत लिहिता आलं असतं. खोटं ठरलं नसतं, नियमही मोडला नसता. त्या पत्राने ताईंचं कायमचं निभावलं नसतं, कारण रजिस्ट्री ऑफिसात चौकशी करता येते. पण मुलीची दहावी होईपर्यंत वेळ मिळाला असता. त्यांना तेवढाच हवा होता. दोन ओळी सुचायला मला फार वेळ लागला नसता. मी सुचू दिल्या नाहीत, कारण पत्र देणं म्हणजे चूक कबूल करणं होतं.

गेल्या वर्षी ममताजींना शोधून भेटलो. त्या आता एका कोचिंग क्लासमध्ये फी घ्यायच्या काउंटरवर बसतात. बाहेर चहाच्या टपरीपाशी उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मुझे क्यों बता रहे हैं, सर? मुझे तो पता था. फ़ाइल को बताइए."

"माफ़ कर दीजिए," मी म्हणालो.

"क्लास की घंटी हो गई, सर," त्या म्हणाल्या आणि चहा अर्धा ठेवून आत गेल्या.

मी विभागाला सही करून पत्र लिहिलं. उत्तर आलं, की संबंधित फाइल मुदत संपल्यामुळे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून हे इथे लिहितो आहे.

मग प्रताप नगरात गेलो. त्या घराच्या दारावर आता पितळी पाटी आहे. तिच्यावर ताईंच्या नवऱ्याचं नाव आहे. व्हरांड्यात ताईंचे थोरले दीर पेपर वाचत बसले होते. मला ओळखून उठले.

"अरे, या या पाटणकर! आम्ही इथेच असतो आता. धाकट्याने दिलंय राहायला. तळमजला बरा पडतो हो, माझे गुडघे गेलेत."

"वहिनी कुठे असतात?" मी विचारलं.

"कोण, धाकटी? जुन्या घरी. वरच्या मजल्यावर. जाणार कुठे?"

मुलीबद्दल विचारायचा धीर झाला नाही. बाथरूममध्ये जाऊन हात धुतले. दांडा जागेवर होता. त्यावर टॉवेल वाळत घातला होता.

आमच्या अभ्यासाची नवी फेरी मध्यंतरी झाली. जुनीच घरं, तेच प्रश्न. एका जुन्या सहकाऱ्याने रिपोर्ट पाठवला. नियम आता कडक झाले आहेत, चौकटी बंद केल्या आहेत, ते बरंच झालं. मी प्रताप नगरचा तक्ता पाहिला. रजिस्ट्री ऑफिसात चौकशी केली, घर आजही ताईंच्याच नावावर आहे. त्यामुळे ते घर 'महिलांच्या मालकीची घरं' या रकान्यात मोजलं आहे. मी तपासलं. तक्ता बरोबर आहे.