मचाणावरची दुसरी जागा

रायफल रेंजवर गोळ्या कमी सुटतात आणि गप्पा जास्त. गोळी मारायला क्षणभर लागतो, पण ‘ती उजवीकडं का गेली’ हे सांगायला दोन कप चहा लागतात. दर रविवारी हेच चाललं तर किस्से साठणारच. माझी तक्रार एवढीच, की आमच्याकडच्या निम्म्या किश्शांत साळवे येतो आणि दर वेळी तोच भाव खाऊन जातो. तरी मी सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी सांगितले तर त्याचं आणखी कौतुक होईल.

आमची रेंज शहराबाहेर, वेरूळच्या रस्त्याला. रेंजचे प्रमुख नाना. पोलीस खात्यात बंदुकांची देखभाल करता करता रिटायर झालेले. त्यांचं शेत सोयगावकडं, डोंगराच्या कडेला. पोळा झाला, मक्याला कणसं धरली, की तिथं रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत एकर झोपवतात. मग शेतकरी वनखात्याची रीतसर परवानगी काढतात आणि आमच्यातले लायसन्सवाले बंदोबस्ताला जातात. हाच आमचा सीझन.

नानांच्या शेतात मचाण आहे. त्यावर जागा दोघांची. एक नानांची. दुसरी कुणाची, ते नाना ठरवतात. ती दुसरी जागा मला पाहिजे होती. अगदी मनापासून पाहिजे होती. वाळूजच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला एकदा तरी वाटतं, की आपल्याला कुणीतरी म्हणावं, ‘चल, तू बस माझ्याशेजारी.’ पण तीन वर्षं तिथं साळवे बसत होता.

* * *

साळवे आमच्याकडं आला तोच मुळी नानांना विमा विकायला. नाना म्हणाले, “पॉलिसीचं नंतर बघू. आधी ही धरून दाखव.” आणि त्याच्या हातात पॉइंट टू-टूची रायफल दिली.

साळवेनं आयुष्यात कधी रायफल धरली नव्हती. मी लगबगीनं पुढं झालो, खांदा कसा लावायचा, गाल कुठं टेकवायचा, सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि पाचातल्या चार गोळ्या निशाण्याच्या कार्डावरच्या काळ्या वर्तुळात घातल्या. माझ्या तोपर्यंतच्या सगळ्यात चांगल्या कार्डापेक्षा ते कार्ड चांगलं होतं.

“नशीब,” मी म्हणालो.

“व्हय, नशीबच,” साळवे म्हणाला. “जाधव साहेबांसारखे शिकवणारे भेटायला नशीबच लागतं.”

नानांनी त्याच दिवशी पॉलिसी घेतली. पुढच्या महिन्यात मीसुद्धा घेतली, आणि हे मला अजून बोचतं.

* * *

मग मी ठरवलं, की फरक सामानाचा असणार. नेमबाजीचा खास कोट मागवला. जाड, कडक, पट्टेवाला. त्याच्या जोडीला पँट आणि सपाट तळव्याचे बूट. तो पोशाख असा असतो, की घातल्यावर माणूस उभा राहू शकतो किंवा आडवा होऊ शकतो, पण मधलं काही जमत नाही. रविवारी मी सगळं चढवून रेंजवर गेलो. साळवे नेहमीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, खिशाला पेन.

आमच्यातले तिसरे इक्बालभाई, मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे त्यांचं. ते मला वरून खालपर्यंत बघत म्हणाले, “क्या मियां, चांद पे जा रए क्या?”

माझी एक गोळी खाली पडली. मला वाकता येईना. साळवेनं ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. त्या मदतीचा जेवढा राग आला तेवढा शिवीचा आला नसता. कार्ड आलं, ते नेहमीसारखंच होतं.

नानांनी कोटाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. म्हणाले, “कोट लई भारी हाय. आता त्यात नेमबाज घाल.”

* * *

नाना एरवी चेष्टेखोर, पण सीझन जवळ आला की बदलतात. “कार्ड चुकलं तर कागद फाटतो,” ते म्हणतात. “डुक्कर चुकलं तर ते पोटात गोळी घेऊन चार दिवस झाडीत तडफडतं. नायतर सकाळी कापूस येचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. ज्याला रोज सराव करायचा नाय, त्यानं घरी बसून वांग्याची भाजी खावी.”

हे ऐकल्यावर सगळे मान खाली घालून बंदुका पुसायला लागतात. इक्बालभाई जास्तच, कारण त्यांचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे.

एका वर्षी ते पावसाळाभर रेंजवर फिरकले नाहीत आणि थेट सीझनला आले. संध्याकाळी उजेड असतानाच भलामोठा डुक्कर बांधावर येऊन उभा राहिला. इक्बालभाईंनी नेम धरला, घोडा ओढला, काहीच झालं नाही. पुन्हा ओढला, जोर लावून ओढला. डुक्कर कणीस खाऊन, अंग घासून, निवांत निघून गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, की बंदुकीचा सेफ्टी खटका काढलाच नव्हता. हात सवय विसरला होता.

आजही कुणी चिडवलं तर ते छाती काढून सांगतात, “मेरा निशाना चुकाच नई. मैंने चलायाच नई.”

* * *

साळवेच्या नेमाचं गुपित मला माझ्या बायकोकडून कळलं. भाजी मंडईत तिला साळवे वहिनी भेटल्या होत्या.

“अहो, साळवे भाऊजी रोज संध्याकाळी रिकामी एअर रायफल घेऊन भिंतीसमोर उभे राहतात म्हणे. मुलगी टीव्हीवर सिरियल बघते, ती संपेपर्यंत. भिंतीवर टिकली चिकटवलीय, तिच्यावर नेम धरायचा आणि नुसता घोडा दाबायचा. पाहुणे आले तरी हलत नाहीत. बसा म्हणतात आणि नेम धरून उभे राहतात.”

मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला बोलू. नशीब असतं तर बरं होतं. नशिबावर जळता येतं. रोजच्या सरावावर जळायचं म्हणजे आधी आपणही रोज करायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मीही हॉलच्या भिंतीवर टिकली लावली. तिसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. आमच्या सोसायटीचे चेअरमन माझ्या जागेवर स्वतःची गाडी लावत, आणि वर मलाच जाब विचारायला येत. मी तसाच, रायफल हातात घेऊन दार उघडलं. चेअरमन म्हणाले, “काही नाही, सहज आलो होतो.” तेव्हापासून माझी जागा रिकामी असते.

काम झालं म्हटल्यावर टिकलीपुढं उभं राहण्यातला माझा उत्साह गेला. महिन्याभरानं रेंजच्या सहलीत सगळ्यांसमोर बायको म्हणाली, “साळवे भाऊजींचा नेम सुधारला. आमचं पार्किंग सुधारलं.”

* * *

एकदा सीझनच्या तोंडावर साळवेला सर्दी झाली. डोळे लाल, नाक चोंदलेलं. मी त्याला काढा सुचवला, विश्रांती सुचवली, घरी सोडायला गाडी काढतो म्हणालो. इतका आपलेपणा मी त्याला कधी दाखवला नव्हता. नाना माझ्याकडं संशयानं बघत होते.

साळवे शिंकत शिंकत नेम धरायला पोटावर आडवा झाला, पाच गोळ्या मारल्या आणि त्याचं वर्षातलं सगळ्यात चांगलं कार्ड आलं.

“नाक बंद होतं ना,” तो म्हणाला. “श्वास आपोआप रोखला गेला.”

मी घरी येऊन तो काढा स्वतः प्यालो.

* * *

यंदा मात्र मी खरंच सराव केला. टिकली पुन्हा लावली. चहा नको, फोन नको, रोज संध्याकाळी भिंत आणि मी. कोट कपाटात गेला. बायकोनं आधी चेष्टा केली, मग सिरियलचा आवाज आपणहून कमी करायला लागली. रेंजवरही कार्डं बदलली. इक्बालभाई एकदा कार्ड उजेडात धरून म्हणाले, “ये तुमाराच है ना?”

पोळ्याच्या आधीच्या रविवारी नानांनी जाहीर केलं, “यंदा माझी मर्जी नाय. पाच गोळ्या, पन्नास मीटर. ज्याचं कार्ड चांगलं, तो मचाणावर.”

इक्बालभाईंनी आधीच माघार घेतली. राहिलो साळवे आणि मी. तो तीन नंबरच्या लेनला, मी शेजारी चारला. नियम एकच, पाचही होईपर्यंत दुर्बिणीतून कार्ड बघायचं नाही. इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना भोकं दिसत नाहीत, त्यामुळं दोघंही सारखेच आंधळे.

आडवे झालो. साळवेनं सुरुवात केली. त्याची पहिली गोळी सुटली तसं मी मान वळवून त्याच्या कार्डाकडं बघितलं. काही दिसणार नाही हे माहीत असूनही बघितलं. दुसरी सुटली, पुन्हा बघितलं. त्याच्या पाचही संपल्या तेव्हा मी त्या कार्डाकडंच बघत होतो. मग श्वास सोडला, गाल टेकवला आणि माझ्या मारायला लागलो.

तसा नेम माझा आयुष्यात लागला नव्हता. घोडा कधी दाबला गेला ते कळत नव्हतं. पाचवी सुटल्यावर मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो. मला मचाण दिसत होतं.

नाना कार्डं घेऊन आले. माझं कार्ड त्यांनी आधी सुलटं धरलं, मग उलटं धरलं. कोरं करकरीत होतं. साळवेच्या कार्डावर दहा भोकं होती. पाच इकडं तिकडं, आणि पाच मधोमध, एका रुपयाखाली झाकतील अशी.

इक्बालभाईंनी भोकं पुन्हा मोजली. मग साळवेच म्हणाला, “नाना, मधल्या पाच माझ्या नायत. माझी दुसरी उजवीकडं गेलेली मला तवाच कळली होती.”

“तुला कळून उपयोग नाय,” नाना म्हणाले. “भोकावर नाव नसतं. कुणाची कुठली ते ठरत नसंल, तर ज्याचं कार्ड त्याला त्यातल्या सगळ्यात चांगल्या पाच. असा नियम हाय. जाधवला पाच शून्य.”

म्हणजे माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या पाच गोळ्यांवर साळवे जिंकला.  कोरं कार्ड हातात घेऊन मी बाकावर बसलो, तर इक्बालभाईंनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. त्यांनीही चेष्टा केली नाही, तेव्हा कळलं की आपली अवस्था वाईट आहे.

नाना बराच वेळ त्या मधल्या पाच भोकांवरून अंगठा फिरवत होते. मग गुडघा दाबत उठले.

“साळवे, यंदा माझे गुडघे मचाण चढायचे नायत. मी खाली खोपीत बसतो. तू ह्याला संगं घे. बंदूक ह्यालाच चालवू दे, नेम लई चांगलाय ह्याचा.” मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “फक्त डुक्कर कुठलं, ते तू दाखव.”