शालनने परत पाठवलेलं माडगं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी थोरली बहीण घराबाहेर कुठे सापडेल, हे तिच्या नवऱ्याला मी सांगितलं होतं. गेल्या महिन्यात अक्का न्यूमोनियाने गेली... आता तिच्यापासून लपवायचं काही उरलं नाही.

नवऱ्याचा मार खाऊन अक्का महाळुंगे पडवळहून आमच्याकडे बोरी बुद्रुकला आली, ती कायमची. दर बुधवारी दुपारी शाळेमागच्या खोलीत ती पाच बायकांना लोकरीचं विणकाम शिकवायची. शेगडीवर लसणाच्या फोडणीचं हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. जिचा टाका सुटेल तिने ते ढवळायचं, असा नियम. शालनचे टाके सारखे सुटत. "स्वेटर विनतीस का मासे धरायचं जाळं?" अक्का म्हणायची. "मला ढवळायलाच आवडतं बया. वास तरी घेऊ दे!" मग वाट्या भरायच्या, हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. लोकर पोचवायला गेलो की मलाही वाटी मिळे. अक्काला इतकं हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या मुलीची सोयरीक चालली होती. येणारा प्रत्येक जण विचारी, बहीण नांदत का नाही? मला लाज वाटे. बाजारात दाजींनी गाठलं. घरी आले की आमची आई कोयता घेऊन दारात उभी राहायची, म्हणून त्यांना अक्काला घराबाहेर गाठायचं होतं. "पावणं, चूक झाली. एकदा बोलू द्या, नीट नांदवतो." अक्काच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. तरी बुधवारच्या वर्गाचं सांगितलं.

त्या बुधवारी मी रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर बसून होतो. दाजी आत गेले. म्हटलं, बोलतील, मिटेल. मग किंकाळी आली. धावलो तेव्हा त्यांनी अक्काला केस धरून भुईवर पाडलं होतं, लाथा घालत होते आणि उकळतं पातेलं तिच्या हातांवर ओतलं होतं. कोपरापर्यंतची कातडी सोलून लोंबत होती. एकीने विणायची सुई त्यांच्या दंडात खुपसली, बाकीच्या तुटून पडल्या, तेव्हा कुठे ते पळाले. मी दारातच उभा होतो.

दवाखान्यात अक्काने विचारलं, "त्याला कुनी सांगितलं रं?"

"मला काय ठावं," मी म्हणालो.

शालनचं माहेर दाजींच्याच गावचं आणि नेमकी त्या दिवशी ती आली नव्हती. बायकांनी तिच्यावरच आळ घेतला, वर्गातून काढून टाकलं. अक्काचं मन मात्र मानेना. तिने आईकडून किटलीत माडगं भरून घेऊन माझ्याच हाती शालनकडे धाडलं. शालन शिवलीसुद्धा नाही. "भाऊ, घेऊन जावा परत. आधी त्या समद्यांना सांगा, मी न्हाई सांगितलं." मी ते ओढ्यात ओतलं आणि घरी येऊन म्हणालो, "प्याली."

अक्काची बोटं आखडली ती आखडलीच. पुढे सुया दुसऱ्यांच्या हातात, ती नुसतं तोंडाने शिकवायची.

दशक्रियेला शालन घाटावर आली. लांब उभी राहिली. चौघींतली एकही तिच्याशी बोलली नाही, आणि मुंडन केलेलं डोकं खाली घालून मीही गप्प बसलो.

शालनच्या दारात, त्या चौघींच्या देखत, "मी सांगितलं होतं" एवढं मला म्हणायचं आहे. ते अजून म्हटलेलं नाही.