शिवप्पाच्या मोटारीतला नंदादीप

शिवप्पाला मी माणूस म्हणून कधी वाईट म्हटलं नाही. दारू नाही, विडी नाही, सोमवारचा उपास, गळ्यात लिंग. पण त्याच्या हातात पक्कड आली की तो मला डोळ्यांसमोर नको होई. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान मोटारस्टँडच्या अगदी समोर. त्यामुळे त्याने पाजळलेली सगळी अक्कल मला रोज फुकटात बघावी लागे.

तीस-एकतीस सालची गोष्ट. त्याने एक जुनी मोटार घेतली आणि सोलापूर-अक्कलकोट सर्व्हिस सुरू केली. ज्यांनी ती मोटार बनवली त्यांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवून तिच्यातल्या तारा जोडल्या असतील. ह्या महाशयांनी त्या एका दुपारी उपटल्या. रबरी फुग्याचा भोंगा काढून विजेचा तीन सुरांचा हॉर्न बसवला. मग उतारूंच्या सीटखाली घंट्या आल्या, का तर कोणी मधेच उतरला तर कळावं. खड्डा आला की त्या सगळ्या एकदम वाजत, आणि मागच्या बायका देऊळ आलं समजून हात जोडत.

कळस केला तो मॅग्नेटोपाशी. मूळ गाडीत इंजिन फिरलं की मॅग्नेटो आपली ठिणगी आपण पाडायचा. बॅटरी मेली तरी हँडल मारून गाडी सुरू व्हायची. शिवप्पाने मॅग्नेटो काढून टाकला आणि ठिणगीसुद्धा बॅटरीवर आणली. मी म्हटलं, "अरे, एकाच बैलावर किती ओझं टाकशील?"

"आप्पा, तुमचं घड्याळ आन् माजी मोटार येक न्हाय. हितं डोस्कं लागतंय की."

घड्याळ जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला तर मला जेवण जात नाही. ह्याच्याकडे उरलेल्या स्क्रूंचा डबा भरला होता, आणि तो डबा तो लोकांना कौतुकाने दाखवायचा.

त्याची बायको गुरम्मा दुपारी भाकरी घेऊन स्टँडवर यायची. फार न बोलणारी बाई. तिचं माहेर अक्कलकोटच्याच रस्त्यावर, वळसंगला. माघात तिची आई पार्वतम्मा अंथरुणाला खिळली. तेव्हा शिवप्पाने ड्रायव्हरसमोर सिद्धेश्वराची तसबीर लावली, तिच्याखाली लाल काचेचा छोटा दिवा बसवला, आणि चारचौघांत जाहीर केलं, "सासूबाई उठून बसंपातूर ह्यो नंदादीप इझनार न्हाय." अख्ख्या स्टँडने माना डोलावल्या.

मी वाकून बघितलं. "ह्याला बटण कुठं आहे?"

"देवाच्या दिव्याला बटन? तुमी बी काय बोलता, आप्पा!"

गाडी पळते तोवर बॅटरी भरत राहते. गाडी उभी राहिली की दिवा तिला पीत बसतो. हे मी त्याला दोनदा सांगितलं. पण गुरम्मा रोज भाकरी ठेवून त्या दिव्याला डोकं टेकायची, आईचं नाव घ्यायची. ते बघितल्यावर मी तिसऱ्यांदा बोललो नाही. तेवढं मात्र माझं चुकलं.

आणि शिवप्पाचे हात शिवशिवले. हॉर्नचे तीन सूर त्याला कमी वाटू लागले, पाच हवे होते. त्यापायी त्याने गाडी तीन दिवस उभी ठेवली. दिवा अर्थात चालूच.

चौथ्या दिवशी सकाळी आठाला वळसंगहून माणूस आला. म्हातारीचं काही खरं नव्हतं, गुरम्माला ताबडतोब न्यायचं होतं. ती नेसत्या लुगड्यानिशी धावत आली आणि गाडीत बसली. मोटारीने तासाभराची वाट. शिवप्पाने हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. इंजिन नुसतं सुस्कारे टाकी. तसबिरीखालचा दिवा मात्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखा धुगधुगत होता.

मी रस्ता ओलांडून गेलो. "त्या दिव्याची तार काढ आधी. अर्धा तास बॅटरीला विसावा मिळाला तर एखादी ठिणगी पडेल."

तो पांढराफटक पडला. "आज? सासूबाई तितं तशा पडल्यात, आन् मी हितं दिवा इझवू? माज्या हातनं न्हाय व्हायचं, आप्पा."

मग तो तारा घासत बसला. दोन तास! मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. दहा वाजले तेव्हा गुरम्मा पुढे वाकली, तिने दिवा हाताने पिरगळून काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला. "आप्पा, टांगा बगा," एवढंच म्हणाली.

तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही टांग्यात बसलो. कुंभारीच्या पुढे मागून पाच सुरांचा हॉर्न ऐकू आला. मोटार! अर्ध्या तासाच्या विसाव्यानंतर पहिल्या हँडलला सुरू झालेली. आम्ही टांगा सोडून तिच्यात चढलो. गावात शिरताना शिवप्पाने सवयीने तो हॉर्न पुन्हा वाजवला, पार दारापर्यंत.

दारात गुरम्माची थोरली बहीण दाक्षायणी उभी होती. "आत्ताच गेली गं," ती म्हणाली. "सकाळधरनं ह्या हारनाकडंच कान लावून हुती. सारकी इचारायची, गुरम्माची मोटार आली का?"

शिवप्पा रडला. रडू दे. दिवसकार्य उरकल्यावर त्याने तो दिवा परत बसवला. आता त्याला बटण आहे, चांगलं पितळी, आणि तेही तो लोकांना दाखवतो.

गुरम्मा त्या मोटारीत पुन्हा बसली नाही. दर महिन्याला ती आईच्या समाधीवर बेल वाहायला जाते, ती बैलगाडीतून. मागे एकदा मी शिवप्पाच्या मोटारीने अक्कलकोटला निघालो होतो. वळसंगच्या अलीकडे पुढे एक बैलगाडी आडवी आली. शिवप्पाने हॉर्न दिला. गाडीवानाने बैल कडेला घेतले. आम्ही शेजारून गेलो तेव्हा मी बघितलं. मागे गुरम्मा बसली होती, आणि दोन्ही हातांनी तिने कान घट्ट दाबून धरले होते.