निळं काढून जांभळं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि बाबांना तर — थांबा, आधी बाबांबद्दलच सांगते.

मी ब्रिटनकडून क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचे. म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येणं नव्हे. चढ, उतार, सपाटी, सगळं आपल्याच पायांनी आणि काठ्यांनी कापायचं. आणि राहायला कुठे? तर लंडनजवळच्या स्लाऊला, जिथे चार बोटं बर्फ पडला की शाळा बंद. रविवारी सकाळी मी चाकांच्या स्की घालून रिकाम्या रस्त्यावर सराव करायचे, आणि मागून सायकलवर बाबा, कानटोपी घालून, घड्याळावर वेळ मोजत. माझं करिअर म्हणजे खरं तर एवढंच.

बाबा गोदामात शिफ्ट करायचे. चाळिशीपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला तो सरबतात. तरी माझ्यासाठी ते वॅक्स शिकले — स्कीच्या तळाला चोळायचं मेण, ज्याच्यामुळे चढावर पाय घसरत नाही. बर्फ किती थंड आहे त्यावर वॅक्सचा रंग ठरतो. लायब्ररीतून पुस्तकं आणून, वहीत टिपणं काढून शिकले. कोण करतं एवढं?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. स्कॉटलंडला टीमच्या निवडीची रेस होती. बाबांनी उजाडताच झाडांखालच्या बर्फात थर्मामीटर खोचला आणि निळं, म्हणजे जास्त थंड बर्फाचं वॅक्स लावलं. शेजारची मुलगी जांभळं लावत होती. ती जन्मापासून बर्फात वाढलेली — आणि माझे बाबा? मला त्यांची लाज वाटली. हो, लाजच. ते चहा आणायला गेले तेवढ्यात मी निळं खरवडलं आणि तिच्याकडून जांभळं मागून फासलं.

उन्हात ठीक चाललं. झाडीतल्या जास्त थंड बर्फात शिरले आणि स्कीखाली बर्फाचे गोळे चिकटायला लागले. जिचं पाहून फासलं, तिचेही तेच हाल. मी शेवटून तिसरी आले.

कोचने विचारलं, काय झालं?

"बाबांचं वॅक्स चुकलं," मी म्हणाले.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोचकडे. "सॉरी सर. माय मिस्टेक." संध्याकाळी नेहमीसारख्या माझ्या स्की त्यांनीच पुसून ठेवल्या.

बाबांच्या त्या एका वाक्यावर मला पुन्हा संधी मिळाली. टीममध्ये आले, पाच हिवाळे शर्यती केल्या. पण टीमने बाबांना माझ्या स्कीला परत हात लावू दिला नाही. ते कुंपणापलीकडे उभे राहून टाळ्या वाजवायचे. एकदा तरी खरं बोलायचं होतं ना मी? नाही बोलले.

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये कुणीतरी माझ्या स्कीइंगचा विषय काढला. बाबा हसत म्हणाले, "अहो, हिची एक रेस माझ्यामुळे बुडाली. जांभळं लावून बसलो ना मी."

जांभळं. पण त्यांनी तर निळं लावलं होतं. आणि जांभळ्याबद्दल मी रेसनंतर कधीच कुणाजवळ बोलले नव्हते. म्हणजे त्याच संध्याकाळी, स्की पुसताना, त्यांना फडक्यावर दिसलं होतं. सगळं कळूनही हा माणूस पाच हिवाळे कुंपणापलीकडे टाळ्या वाजवत उभा राहिला. असा बाप मला मिळाला.

हॉलमध्ये सगळे हसले. मीही हसले, आणि बाबांच्या प्लेटमध्ये आणखी एक मोदक वाढला.